चार वाजायला चोवीस तास

शेवट आधीच सांगून टाकतो. ११ जून १९७७ च्या शनिवारी दुपारी चार वाजता फ्रान्समधल्या ल माँ इथे चोवीस तासांची मोटारशर्यत सुरू झाली. रेनोच्या ए-४४२ जातीच्या चार गाड्या तीत होत्या, चारही टर्बोच्या. त्यांतली एक सर्वांच्या पुढे, पहिल्या जागेवर उभी होती. रविवारी चार वाजता निशाण पडलं तेव्हा चौघींपैकी एकही धावत नव्हती. एक सुरुवातीलाच पेटली, दोघींचे पिस्टन गेले आणि एकीचं इंजिन. जिंकलेल्या पोर्शेचाही एक पिस्टन गेलेला होता.

ही माणसं मरण्याची गोष्ट नाही, धातू मरण्याची आहे. तरी ती कोकणातल्या वाचकाला सांगायचं कारण आहे. सुट्टीच्या दिवसांत तोंडवलीच्या किनाऱ्याला पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या लागतात. त्यांतल्या काही टर्बो पेट्रोल गाड्यांच्या संगणकात रीमॅप, म्हणजे ताकद वाढवणारा बदललेला नकाशा, टाकलेला असतो. समजा, कारखान्याने बूस्ट, म्हणजे टर्बो हवेला देतो तो दाब, ०.८ बार ठेवला होता, तो ट्यूनरने १.३ वर नेला. मालक सांगतो, वर्ष झालं, काही झालं नाही. तो खोटं बोलत नसतो. ल माँला पुढे धावणाऱ्या रेनोलाही सतरा तास काही झालं नव्हतं.

फ्रान्सच्या उन्हाळी वेळेपेक्षा आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे. खाली दोन्ही वेळा दिल्या आहेत.

२२ महिने बाकी. ९ ऑगस्ट १९७५, टॅलाडेगा, अमेरिका

मार्क डोनोह्यू पोर्शे ९१७/३० घेऊन टॅलाडेगाच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर एक फेरी मारतो. सरासरी ताशी ३५५.९ किलोमीटर, बंद धावपट्टीवरचा जागतिक विक्रम. याच गाडीने १९७३ साली अमेरिकेतली कॅन-ॲम मालिका एकतर्फी जिंकली होती. तिची ताकद हजार अश्वशक्तीच्या वर होती, आणि बूस्ट कमी-जास्त करायचं बटण चालकाच्या हाताशी होतं.

विक्रमाच्या आधी काय झालं ते जास्त महत्त्वाचं. कॅन-ॲमच्या वळणावळणांच्या रस्त्यांवर जे इंजिन टिकलं, तेच टॅलाडेगाला सरावात फुटलं. वळणांच्या रस्त्यावर पाय ॲक्सिलरेटरवर काही सेकंद पूर्ण दाबलेला असतो, मग ब्रेक. लंबवर्तुळावर तो उचलायची वेळच येत नाही. तेव्हा टर्बोतून निघालेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारे इंटरकूलर बसवले गेले, आणि मग इंजिन टिकलं.

टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा ०.८ बार बूस्टने दाबली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती ११० अंशांच्या आसपास बाहेर पडते. बूस्ट १.३ केला की तीच हवा १४५ अंशांच्या पुढे जाते. डॅशबोर्डवरचा बूस्टचा काटा दाब दाखवतो. ही उष्णता त्याच्यावर दिसत नाही.

धडा तेव्हाच समोर होता: किती दाब, याच्या जोडीला किती वेळ, हेही विचारा.

१२ महिने बाकी. जून १९७६, ल माँ

रेनो एकच ए-४४२ घेऊन येते. सरावात ती सर्वांत वेगवान ठरते आणि पहिल्या जागेवरून सुटते. शर्यत पुरी होत नाही. कारण: पिस्टन.

शर्यत पोर्शे ९३६ जिंकते. टर्बो इंजिनाने ल माँ जिंकण्याची ही पहिली वेळ. रेनोच्या बाजूने पाहिलं तर एक गाडी आणि एक पिस्टन. त्यावरून काही नियम निघत नाही, असं म्हणायला जागा होती.

शर्यतीआधी. पॉल रिकार, दक्षिण फ्रान्स

फ्रेंच संघांचं सरावाचं घर म्हणजे पॉल रिकारची धावपट्टी. तिथला सर्वांत लांब सरळ रस्ता १.८ किलोमीटरचा. ताशी ३०० च्या वेगाने तो वीस-बावीस सेकंदांत संपतो.

ल माँचा सरळ रस्ता तेव्हा जवळजवळ ६ किलोमीटरचा होता. त्याच्या मध्ये आज असलेली दोन वळणं १९९० साली घातली गेली. ताशी ३३० च्या वेगाने तो पार करायला ६५ सेकंद लागतात. म्हणजे तिप्पट वेळ.

रिकारला तासन्‌तास धावलेलं इंजिन टिकाऊ आहे, हे खरंच होतं. त्याला एका वेळी बावीस सेकंदांहून जास्त कुणी विचारलं नव्हतं.

शनिवार, ११ जून १९७७. ल माँ, दुपारी ४:००. तोंडवली, संध्याकाळी ७:३०

२४ तास बाकी. कोकणात मृग लागून तीन-चार दिवस झाले आहेत. ल माँला निशाण पडतं. जाँ-पिएर जाबुईची रेनो पहिल्या जागेवरून सुटते. त्याचा जोडीदार इंग्लंडचा डेरेक बेल. दुसऱ्या गाडीत जाक लाफित आणि पॅट्रिक देपाये. तिसरीत जाँ-पिएर जोसो आणि पॅट्रिक तांबे. आडनाव ऐकून राजापूरचा वाटेल, पण माणूस फ्रेंच आहे.

नियमाचं गणित असं: टर्बो इंजिनाचं आकारमान १.४ ने गुणायचं, आणि उत्तर ३,००० सीसीच्या आत बसायला हवं. पोर्शेचं इंजिन २,१४२ सीसीचं. गुणाकार २,९९८.८. मर्यादेला जेमतेम सव्वा सीसी कमी. रेनोचं इंजिन १,९९७ सीसी, गुणाकार २,७९५.८. गुणाकाराच्या हिशोबात दोनशेहून जास्त सीसी वापराविना राहिले. दोन्ही गाड्यांना पाचशे किंवा त्याहून जास्त अश्वशक्ती हवी. लहान इंजिनाला ती तूट दाबाने नाहीतर जास्त जोरात फिरून भरून काढावी लागते.

पहिल्या काही मिनिटांत चौथी रेनो, दिदिए पिरोनीच्या हातातली, तेलगळतीने पेटते. तिची शर्यत संपली. हा पिस्टनचा दोष नाही, म्हणून त्यातून पिस्टनबद्दल कुणी काही शिकत नाही.

संध्याकाळी ५:००. तोंडवली, रात्री ८:३०

२३ तास बाकी. गाड्यांच्या पहिल्या पंधराएक फेऱ्या झाल्या आहेत. प्रत्येक फेरी १३.६४ किलोमीटरची, आणि प्रत्येक फेरीत तो एक सरळ रस्ता.

त्या ६५ सेकंदांत इंजिनात काय चालतं ते सावकाश पाहू. मिनिटाला ९,००० फेरे धरले तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ४,५०० स्फोट होतात. जळत्या वायूचं तापमान २,००० अंशांच्या वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही पिस्टन वितळत नाही. तापल्या तव्यावरचा पाण्याचा थेंब जसा खालच्या वाफेच्या पातळ थरावर तरतो, तसा पिस्टनच्या माथ्याला चिकटलेला त्यामानाने थंड वायूचा पातळ थर त्याला वाचवतो. माथ्यापर्यंत पोचलेली थोडी उष्णता रिंगांवाटे भिंतीकडे आणि खालून तेलाकडे निघून जाते. जमा आणि खर्च बरोबरीत राहतात.

बूस्ट वाढवला की सिलिंडरमध्ये हवा जास्त, पेट्रोल जास्त, उष्णता जास्त. तरी बरोबरी टिकू शकते. ती मोडते नॉकिंगने. प्लगच्या ठिणगीने लागलेली ज्योत सिलिंडरच्या कडेला पोचण्याआधीच तिथलं दाबलेलं, तापलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं. ज्योत पसरण्याऐवजी एकदम धक्का बसतो. तो धक्का पिस्टनवरचा संरक्षक थर फाडतो. आता २,००० अंशांचा वायू थेट धातूला भिडतो. धातू तापतो, तापलेला धातू पुढचं मिश्रण आणखी लवकर पेटवतो, पुढचा धक्का मोठा बसतो.

हे चक्र फिरायला वेळ लागतो. पहिल्या पाच सेकंदांत इंजिन सावरतं. चालक पाय उचलतो, पेट्रोल आणि हवा कमी होतात, पिस्टन थंड होतो. बावीस सेकंदांतही बहुतेकदा निभावतं. पासष्ट सेकंदांचा प्रश्न वेगळा आहे.

संध्याकाळी ७:०० च्या सुमारास. तोंडवली, रात्री १०:३०

२१ तास बाकी. पोर्शेवर संकट आधी येतं. याकी इक्स आणि आँरी पेस्कारोलो यांच्या ९३६ चा कनेक्टिंग रॉड ४५ फेऱ्यांनंतर जातो. गाडी बाद. दुसरी ९३६, युर्गेन बार्ट आणि हर्ली हेवूड यांची, इंधनाचा पंप बदलायला पिटमध्ये थांबते आणि ४१ व्या क्रमांकावर घसरते.

पोर्शे इक्सला त्या ४१ व्या गाडीत बसवते. नियमात ते चालतं. मागे पडलेल्या गाडीला गमवायचं काही नसतं, म्हणून तिला जोरात हाकायचा निर्णय सोपा. अवघड निर्णय पुढे असलेल्याचा. रेनोच्या गाड्या पुढे आहेत. बूस्ट थोडा उतरवला तर फेरीमागे काही सेकंद जातील, आणि मागून इक्स येतोय. उतरवला नाही तर काय होईल, हे अजून कुणाला दिसलेलं नाही.

रात्री १०:००. तोंडवली, मध्यरात्रीनंतर १:३०

१८ तास बाकी. जूनमध्ये ल माँला दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. हवा थंड व्हायला लागते. टर्बोला रात्र आवडते: थंड हवा घट्ट असते, नॉकिंग दूर राहतं, गाडी दिवसापेक्षा जास्त जोमाने पळते. चालकाला वाटतं, इंजिन आता मोकळं झालं. दिवसाउजेडी जे इंजिन काठावर होतं, तेच रात्री निरोगी दिसतं.

आपल्याकडे रीमॅप बहुधा संध्याकाळी उरकतात. गॅरेजमधली गिऱ्हाइकं कमी झाली की ट्यूनर लॅपटॉप जोडतो, नकाशा चढवतो, आणि रिकाम्या झालेल्या बायपासवर दोन-चार वेळा गाडी पळवून आणतो. डिसेंबरच्या रात्री २० अंशांत घेतलेली ती चाचणी मे महिन्यातल्या दुपारच्या ३८ अंशांबद्दल काहीही सांगत नाही.

रविवार, १२ जून. रात्री १:००. तोंडवली, पहाटे ४:३०

१५ तास बाकी. त्या काळच्या शर्यतीच्या इंजिनांत नॉकिंग ऐकणारा सेन्सर नव्हता. आजच्या साध्या टर्बो गाडीतही तो असतो. सिलिंडर ब्लॉकला बोल्टने आवळलेला हा तुकडा धक्क्याचा विशिष्ट कंप ओळखतो, आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा देऊन इंजिन वाचवतो. १९७७ साली हे काम माणसाच्या कानाने करायचं, आणि तीनशेच्या वेगात उघड्या गाडीत कानाला काहीही ऐकू येत नाही.

एक साक्षीदार होता: स्पार्क प्लग. नॉकिंग सुरू झालं की पिस्टनवरून उडालेले ॲल्युमिनियमचे कण प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक ठिपके होऊन बसतात. जुने फिटर भिंग लावून ते शोधायचे. पण प्लग काढायचा म्हणजे गाडी उभी करायची, आणि चांगली पळणारी गाडी कुणी उभी करत नाही.

आजच्या सेन्सरचीही एक खोड आहे. तो इंजिन वाचवतो आणि गप्प बसतो. ठिणगी दर वेळी चार-पाच अंश मागे ओढली जाते, ताकद थोडी कमी होते, मालकाला कळत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. लॅपटॉप जोडून नोंद पाहिली तरच ते दिसतं. काही स्वस्त रीमॅपमध्ये या सेन्सरचा कान मुद्दाम बोथट केलेला असतो, म्हणजे ताकद कमी झाल्याची तक्रार येत नाही.

रात्री ३:०० च्या सुमारास. तोंडवली, सकाळी ६:३०

१३ तास बाकी. जोसो आणि तांबे यांची रेनो १५८ फेऱ्यांनंतर थांबते. पिस्टन.

आता एक गाडी आणि एक पिस्टन असं म्हणता येत नाही. गेल्या वर्षीचा एक, हा दुसरा. त्याच घडणीची इंजिनं असलेल्या दोन गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्याच सरळ रस्त्यावर, त्याच वेगात. जाबुई आणि बेल यांची गाडी आघाडीवर आहे. ४१ व्या क्रमांकावरची पोर्शे रात्रभरात पहिल्या काही गाड्यांत येऊन पोचली आहे. बहुतेक वेळ तिच्या चाकामागे इक्स होता.

सकाळी ६:००. तोंडवली, सकाळी ९:३०

१० तास बाकी. उजाडलं आहे. हवा पुन्हा तापायला लागेल.

किती दाब किती वेळ, हा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावर ट्रॉलरवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. बोटीच्या डिझेल इंजिनाच्या पत्रकावर एकाच ब्लॉकला दोन-तीन वेगवेगळ्या ताकदी लिहिलेल्या असतात. हौशी बोटीला, जी पूर्ण वेगाने थोडाच वेळ जाते, ती जास्त दिलेली असते. जाळं ओढत दिवस-दिवस एकसारखी चालणाऱ्या बोटीला तीच कंपनी त्याच इंजिनाची ताकद बरीच कमी लावून देते. लोखंड तेच, टर्बो तोच, फक्त बूस्ट आणि इंधन कमी. मासेमारीच्या बोटीला उतार नसतो, सिग्नल नसतो, पाय उचलायची जागा नसते.

रस्त्यावरच्या गाडीला ही सवलत दर वळणाला मिळते. तोंडवलीहून तळाशीलच्या टोकाकडे जाताना एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र, मध्ये अरुंद रस्ता. तिथे कुणालाही ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबून ठेवता येणार नाही. वाढवलेला बूस्ट तिथे सुरक्षित वाटतो, कारण तो तिथे वापरलाच जात नाही. तीच गाडी मेच्या दुपारी चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या भरून कणकवलीवरून फोंडा घाटाला लागते. दुसरा-तिसरा गिअर, पुढे ट्रक, वेग कमी म्हणून इंटरकूलरला वारा कमी, आणि दाजीपूरपर्यंत चढ. आपल्या भागातलं ल माँ तिथे आहे. दुसरं समृद्धी महामार्गावर.

ज्याला बूस्ट वाढवायचाच आहे आणि इंजिनही ठेवायचं आहे, त्याचा चांगला ट्यूनर कंटाळवाणा असतो. तो आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन मोजतो, हवेच्या नळ्यांची गळती तपासतो, नवे आणि एक श्रेणी थंड प्लग टाकतो. मूळ नकाशावरच गाडी पळवून नोंद घेतो, कारण जिचं इंजिन मूळ बूस्टलाच नॉक करतं, तिला पुढे न्यायचा प्रश्नच येत नाही. मग एका वेळी ०.१ बार. प्रत्येक पायरीला तो हवेचं तापमान, पेट्रोलचं प्रमाण आणि प्रत्येक सिलिंडरची मागे ओढलेली ठिणगी पाहतो. लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या धावेला हवेचं तापमान पहिल्या धावेपेक्षा चढत गेलं, तर तो थांबतो, कारण इंटरकूलर संपला. पेट्रोल कोणतं भरणार हेही तो आधी विचारतो. पंपावरच्या इ-२० मधलं इथेनॉल नॉकिंगला विरोध करतं, पण तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, आणि मूळ पंप-इंजेक्टर आधीच काठावर असले तर इंजिन सर्वांत जोरात फिरताना मिश्रण कोरडं पडतं. एवढं सगळं करून जिथे इंजिन खूश आहे, तिथून तो एक पायरी खाली उतरतो. ती शेवटची पायरी गिऱ्हाइकाला दाखवता येत नाही. तिच्यावरूनच बहुतेक भांडणं होतात.

सकाळी ९:०० च्या सुमारास. तोंडवली, दुपारी १२:३०

७ तास बाकी. जाबुई आणि बेल यांची गाडी आघाडीवर असताना थांबते. २५७ फेऱ्या. पिस्टन.

सतरा तास. फेरीमागे ६५ सेकंद धरले तर या पिस्टनांनी साडेचार तासांहून जास्त वेळ नुसत्या त्या सरळ रस्त्यावर काढला होता. शेवटच्या फेरीला आदल्या फेरीपेक्षा वेगळं काही घडलेलं नसणार. तोच रस्ता, तोच पाय, तोच दाब.

पोर्शे आता पुढे आहे.

सकाळी ११:३० च्या सुमारास. तोंडवली, दुपारी ३:००

साडेचार तास बाकी. लाफित आणि देपाये यांची शेवटची रेनो २८९ फेऱ्यांनंतर बाद. इंजिन.

रेनोचंच व्ही-६ टर्बो इंजिन बसवलेली एक मिराज गाडी अजून धावते आहे. ती कारखान्याच्या गाड्यांपेक्षा सावकाश आहे. ती शेवटपर्यंत धावेल आणि दुसरी येईल. रेनोच्या पिटमधून ती दर चार-पाच मिनिटांनी समोरून जाताना दिसत असणार.

दुपारी ३:१५ च्या सुमारास. तोंडवली, संध्याकाळी ६:४५

पाऊण तास बाकी. पोर्शे इतक्या फेऱ्यांनी पुढे आहे की ती चालत गेली तरी जिंकेल. हेवूडच्या गाडीतून धूर निघायला लागतो. तो पिटमध्ये येतो. सहापैकी एका सिलिंडरचा पिस्टन जळाला आहे.

इथे पोर्शे एक निर्णय घेते. गाडी लगेच पुन्हा सोडायची नाही, पण बादही करायची नाही. नियमाप्रमाणे निशाण पडताना गाडी स्वतःच्या ताकदीवर रेघ ओलांडायला हवी. मेकॅनिक त्या सिलिंडरचा प्लग काढतात आणि त्याचं इंधन तोडतात. उरले पाच सिलिंडर. मग गाडी उभी ठेवून वाट पाहायची. प्रत्येक मिनिटाला आघाडी कमी होते आहे. घाई करण्यात काही मिळणार नाही, हे त्यांना कळलेलं आहे.

दुपारी ३:५० च्या सुमारास. तोंडवली, संध्याकाळी ७:२०

दहा मिनिटं बाकी. गाडी बार्टच्या हातात देतात. तो पोर्शेत मेकॅनिक म्हणून शिकलेला. इंजिन कुठल्या आवाजाला काय म्हणतंय ते त्याला कळतं. त्याच्या स्टिअरिंगला एक घड्याळ चिकटपट्टीने लावलेलं आहे. त्याने चारच्या आधी पोचायचं नाही, नाहीतर आणखी एक फेरी मारावी लागेल. फार उशीरही करायचा नाही.

चोवीस तासांत पहिल्यांदा त्या सरळ रस्त्यावर एका पुढच्या गाडीचा चालक पाय उचलून चालवतो आहे.

दुपारी ४:००. तोंडवली, संध्याकाळी ७:३०

पोर्शे ९३६ पाच सिलिंडरवर रेघ ओलांडते. ३४२ फेऱ्या. मिराज दुसरी, ३३१ फेऱ्या. फरक अकरा फेऱ्यांचा, तोही अर्ध्या तासाहून जास्त वेळ पिटमध्ये उभं राहून.

चार वाजून गेल्यावर

१६ जुलै १९७७ ला, पाच आठवड्यांनी, रेनोने सिल्वरस्टोनला फॉर्म्युला वनमधली पहिली टर्बो गाडी उतरवली. चालक जाबुईच. ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. पुढे तिच्या धुरामुळे इंग्रजांनी तिला पिवळी किटली असं नाव ठेवलं. पहिला विजय यायला १ जुलै १९७९ उजाडला.

ल माँचा प्रश्न मात्र रेनोने आधी सोडवला, आणि तो सोडवायला ती अमेरिकेत ओहायोला गेली. तिथे वाहनचाचणीची मोठी लंबवर्तुळाकार धावपट्टी आहे. तिच्यावर पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर उचलायची गरज पडत नाही. ल माँला जे पासष्ट सेकंदांत घडायचं, ते तिथे सलग घडवून पाहता आलं. टॅलाडेगाने १९७५ साली हेच दाखवलं होतं.

जून १९७८ ला रेनो पुन्हा ल माँला आली. या वेळी एक नवी गाडी होती, ए-४४३. इंजिन वाढवून २,१३८ सीसी केलेलं. १.४ ने गुणलं की २,९९३. सोबत जुन्या १,९९७ सीसीच्या गाड्याही होत्या. सर्वांत वेगवान चालक जाबुई आणि देपाये यांना नवी, मोठी गाडी दिली. ती रविवारी सकाळी दहाच्या सुमारापर्यंत पुढे होती. २७९ फेऱ्यांवर तिचा पिस्टन गेला.

तिच्या मागे असलेली जुन्या इंजिनाची ए-४४२बी पुढे आली. पिरोनी आणि जोसो. तिने ३६९ फेऱ्या मारल्या आणि शर्यत जिंकली. रेनोने त्यानंतर ल माँला येणं थांबवलं.